लॅपटॉपला कोणती रॅम चालते?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथे जाऊन ‘लॅपटॉपसाठी आठ जीबी रॅम द्या’ म्हटले की काउंटरमागचा पोरगा मान वर न करता विचारतो, ‘कुठली? थ्री, फोर का फाइव्ह?’ गिऱ्हाईक गोंधळते. आठ जीबी म्हणजे आठ जीबी, त्यात आणखी कुठली असते? मग लॅपटॉपचे वर्णन सुरू होते: ‘लेनोवोचा आहे. काळा. तीन-चार वर्षांपूर्वी घेतलाय.’

एवढ्या माहितीवर बरोबर रॅम हातात पडली तर तो निव्वळ योगायोग. पहिल्यांदाच लॅपटॉपची रॅम वाढवायला निघालेला प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, की माझ्या मशीनला नेमकी कुठली रॅम चालेल? त्याचे उत्तर लॅपटॉपच्या मदरबोर्डवर कारखान्यातच ठरून गेलेले असते. ते घरबसल्या, एक स्क्रू न काढता शोधता येते. मात्र प्रश्न योग्य क्रमाने विचारायला हवेत, कारण पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर पुढच्यांना काही अर्थच उरत नाही.

१. कमी काय पडते आहे?

फोन ‘मेमरी फुल’ असे म्हणतो तेव्हा त्याला फोटो आणि व्हिडिओ साठवायची जागा संपल्याचे सांगायचे असते. रॅम ही निराळी गोष्ट आहे. प्रोसेसर ज्या माहितीवर या क्षणी काम करतो आहे तेवढीच रॅममध्ये असते. आज वापरात असलेल्या रॅमचे मूळ आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या १९६८ सालच्या पेटंटमध्ये आहे. प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा करणारा एक कपॅसिटर, एवढीच ती रचना. हा साठा सतत झिरपत असतो, म्हणून रॅमला साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज गेली की सगळे पुसले जाते. सेव्ह न केलेली फाइल उडते ती याचमुळे.

रॅम भरली की विंडोज थांबत नाही. सध्या न लागणारी माहिती ती डिस्कवर हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्याने हे हलवाहलवीचे काम सुरू झाले की ब्राउझरचा टॅब बदलतानाही चक्र फिरताना दिसते.

असे खरोखर होते आहे का, हे पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ निवडावे. आपली नेहमीची कामे, म्हणजे ब्राउझरचे दहा टॅब, एक्सेलची फाइल, व्हिडिओ कॉल, हे सगळे चालू ठेवून हा आकडा बघायचा. नुकत्याच सुरू केलेल्या रिकाम्या मशीनवर बघून उपयोग नाही. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या पुढे राहत असेल तर रॅम कमी पडते आहे.

तो आकडा साठ टक्क्यांवर असूनही मशीन रखडत असेल तर मात्र रॅमवर पैसे घालू नयेत. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून एसएसडी बसवावी. अशा मशीनमध्ये तिचा फरक रॅमपेक्षा जास्त जाणवतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगेल असे धरून चालू नये.

२. जागा आहे का?

रॅमच्या खरेदीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक प्रश्न हाच. रॅम बदलण्यासाठी मदरबोर्डवर स्लॉट लागतो, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो नसतोच.

२०१८च्या जानेवारीत लेनोवोने थिंकपॅड मालिकेतली तीन मशीन बरोबरच बाजारात आणली: टी४८०, टी४८०एस आणि एक्स२८०. तिन्हींचा रंग काळा, तिन्हींवर तीच लाल टिकली, तिन्हींत इंटेलचे आठव्या पिढीचे तेच प्रोसेसर. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली ही मशीन आता ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विद्यार्थी आणि छोटे व्यावसायिक आवडीने घेतात. टी४८०ला रॅमचे दोन स्लॉट आहेत. दोन्ही स्टिक काढून नव्या लावता येतात. टी४८०एसमध्ये चार किंवा आठ जीबी रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली आहे आणि शेजारी एकच स्लॉट आहे. एक्स२८०मध्ये स्लॉटच नाही. कारखान्यातून आठ जीबी घेऊन निघालेला एक्स२८० मरेपर्यंत आठ जीबीचाच. नावातल्या एका ‘एस’ने किंवा एखाद्या अक्षर-आकड्याच्या फरकाने तीन गिऱ्हाइकांना तीन वेगळी उत्तरे मिळतात. ‘लेनोवोचा, काळा’ या वर्णनावर दुकानदार हतबल होतो तो उगाच नव्हे.

रॅम बोर्डावर पक्की करण्यामागे निव्वळ कंपन्यांचा लोभ आहे, असे अनेकांना वाटते. लोभ असेलही, पण तांत्रिक कारणेही खरी आहेत. स्लॉट आणि स्टिक मिळून काही मिलिमीटर जाडी खातात. शिवाय कमी वीज खाणारी एलपीडीडीआर जातीची रॅम मुळात फोनसाठी घडवली गेली. तिला प्रोसेसरच्या जवळ, थेट बोर्डावरच राहावे लागते. तिच्यासाठी नेहमीचा स्लॉट नसतो. ॲपलने २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही रॅम बोर्डावर पक्की केली आणि २०२०च्या एम१पासून तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये गेली. इंटेलच्या २०२४च्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही तेच: १६ किंवा ३२ जीबी, खरेदीच्या दिवशी ठरेल ते कायमचे. स्वस्त लॅपटॉपही यातून सुटलेले नाहीत. रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर फक्त एलपीडीडीआर५ ओळखतो, त्यामुळे तो असलेल्या मशीनला रॅमचा स्लॉट असण्याची आशाच धरू नये.

मधला मार्ग निघतो आहे. डेलने २०२२मध्ये कॅम नावाचा स्क्रूने आवळायचा चपटा बोर्ड आणला, २०२३च्या अखेरीस त्यावरून उद्योगाचे सामाईक मानक ठरले आणि २०२४च्या थिंकपॅड पी१मध्ये एलपीडीडीआर असूनही काढता येणारी रॅम दिसली. पण ही मशीन महाग आहेत. सर्वसामान्य खरेदीदाराशी त्यांची गाठ पडायला वेळ आहे.

आपल्याकडे काय आहे हे टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली लिहिलेले असते. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक असे दिसले तर आशेला जागा आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘एसओडिम’ असेल तर रॅम स्टिकच्या रूपात आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती पक्की केलेली आहे. या पानावर पूर्ण विसंबू नये, कारण बोर्डावर डाग दिलेल्या रॅमलाही विंडोज कधी कधी ‘स्लॉट’ म्हणून मोजते. खात्रीसाठी मशीन पालथे घालून तळाचे पूर्ण मॉडेल वाचावे आणि कंपनीची कागदपत्रे बघावीत. लेनोवोची माहिती पीएसआरईएफ या साइटवर मॉडेलवार मिळते, डेलची सर्व्हिस टॅग टाकून, एचपीची ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’ या पुस्तिकेत. तिथे मेमरीच्या रकान्यात किती स्लॉट, कोणती रॅम आणि जास्तीत जास्त किती, हे तीन-चार ओळींत सापडते.

३. कुठली पिढी?

स्लॉट आहे हे ठरले की काउंटरवरच्या पोराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या लागोपाठच्या पिढ्या आहेत. जेडेक ही संस्था त्यांची मानके ठरवते, म्हणून कुठल्याही कंपनीची डीडीआर४ स्टिक आकाराने आणि जोडणीने सारखीच असते.

पिढ्या मात्र एकमेकींत बसत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. विजेचा दाबही उतरत गेला आहे: डीडीआर३ला दीड व्होल्ट, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. चुकून भलती स्टिक बसू नये म्हणून सोनेरी पट्ट्यांच्या रांगेत एक खाच ठेवलेली असते आणि तिची जागा प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ची लांबी सारखीच, पिनांतही दोनचाच फरक. पण खाच जुळत नाही, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये उतरतच नाही. स्टिक आत जात नसेल तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचे.

खाच ज्याच्यापासून वाचवू शकत नाही असा एक सापळा जुन्या मशीनमध्ये आहे. डीडीआर३चा डीडीआर३एल हा भाऊ १.३५ व्होल्टवर चालतो आणि दोघांची खाच एकाच जागी असते. २०१३ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपना ‘एल’वालीच लागते. साधी डीडीआर३ त्यांत व्यवस्थित बसते, पण मशीन सुरू होत नाही. उलट चालते: एल स्टिक दीड व्होल्टवरही काम करते. तेव्हा डीडीआर३च्या जमान्यातला लॅपटॉप असेल तर डोळे मिटून एल घ्यावी.

प्रोसेसरच्या नावावरून पिढी ओळखायला जाऊ नये. इंटेलचे बाराव्या पिढीचे लॅपटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालवतात. कोणती लागते ते मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेले असते. एएमडीने तर नावांचा अक्षरशः घोळ घातला आहे. रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७७३५एचएस ही दोन नावे एका घरातली वाटतात, पण पहिला डीडीआर४चा आणि दुसरा डीडीआर५चा.

डेस्कटॉपची रॅमही लॅपटॉपला चालत नाही, पिढी तीच असली तरी. डेस्कटॉपची स्टिक सव्वातेरा सेंटिमीटर लांब असते, लॅपटॉपची सुमारे सात. ऑनलाइन मागवताना फोटोत लांबीचा अंदाज येत नाही, म्हणून वर्णनात ‘एसओडिम’ किंवा ‘लॅपटॉप मेमरी’ हे शब्द आहेत ना, ते पाहून घ्यावे.

४. लेबल कसे वाचायचे?

टी४८०चे झाकण उघडले की आतल्या स्टिकवर पांढरे लेबल दिसते. त्यावर ओळ असते: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-एसए१-११. बघणाऱ्याला ही सांकेतिक तार वाटते, पण खरेदीला लागणारे जवळजवळ सगळे या एका ओळीत आहे.

८जीबी ही क्षमता. ‘पीसी४’मधला चार म्हणजे डीडीआर४, पीसी३एल असते तर डीडीआर३एल, पीसी५ असते तर डीडीआर५. २४०० हा वेग, म्हणजे सेकंदाला २४०० दशलक्ष हस्तांतरणे. त्यामागचे ‘टी’ हे अक्षर प्रतिसादाची श्रेणी सांगते. ‘एस’ म्हणजे एसओडिम.

मधले १आरएक्स८ चिपांची मांडणी सांगते. स्टिक एका वेळी ६४ बिट देते. ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट पुरवते. ६४ला ८ने भागले की आठ चिपा. म्हणजे या स्टिकवर एकेक जीबीच्या आठ चिपांचा एक संच आहे. २आरएक्स८ असेल तर दोन संच, सोळा चिपा. १आरएक्स१६ असेल तर दुप्पट क्षमतेच्या चारच चिपा. स्टिक चालणार की नाही हे सहसा यावरून ठरत नाही. फक्त एक्स१६ मांडणीच्या स्टिक कामात किंचित मंद पडतात, तेव्हा भाव सारखाच असेल तर एक्स८ घ्यावी.

काही लेबलांवर २४००च्या जागी पीसी४-१९२०० असते आणि खरेदीदार चक्रावतो. दोन्ही एकच. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. २४०० गुणिले ८ बरोबर १९२००, म्हणजे सेकंदाला १९,२०० मेगाबाइट. याच हिशेबाने ३२००ची रॅम पीसी४-२५६०० या नावाने मिळते.

झाकण उघडायचे नसेल तर सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्यावा. त्याच्या ‘एसपीडी’ या पानावर स्टिकची कंपनी, क्षमता, वेग आणि पार्ट नंबर दिसतो. ही माहिती स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये कोरलेली असते आणि मशीन सुरू होताना तीच वाचून रॅमचा वेग ठरवला जातो. याच प्रोग्रॅमच्या ‘मेमरी’ पानावर ३२००च्या रॅमचा वेग १६०० मेगाहर्ट्झ दिसतो, आणि ‘दुकानदाराने फसवले’ म्हणून लोक भांडायला जातात. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते म्हणून तर ती ‘डबल डेटा रेट’. १६००चे ३२०० तिथे होतात.

५. किती जीबी?

आज नव्याने रॅम घ्यायची तर एकूण १६ जीबी हे बहुतेकांसाठी शहाणपणाचे लक्ष्य आहे. विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण तेवढ्यात ती स्वतःच जेमतेम मावते. व्हिडिओ एडिटिंग, मोठी डिझाइनची कामे किंवा संगणकात संगणक चालवणारी व्हर्च्युअल मशीन असतील तर ३२चा विचार करावा. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि टॅलीसाठी ३२ घेणे म्हणजे पैसे पडून राहणे.

वरची मर्यादा प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ठरवतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना एका स्लॉटमध्ये आठ जीबीपेक्षा मोठी डीडीआर३एल स्टिक चालत नाही. १६ जीबीची स्टिक बाजारात मिळते म्हणून ती त्यात ओळखली जाईल असे नाही.

उलट काही मर्यादा कागदावरच्या असतात. टी४८०साठी लेनोवोने ३२ जीबी हा आकडा दिला, कारण ते मशीन आले तेव्हा लॅपटॉपची सर्वांत मोठी स्टिक १६ जीबीची होती; दोन सोळा बत्तीस. पुढे ३२ जीबीच्या स्टिक आल्या, तेव्हा हौशी मंडळींनी दोन लावून ६४ जीबी चालवून दाखवली. अशी वाट धरायची तर दुकानदाराकडून ‘चालली नाही तर परत घेऊ’ असे आधी कबूल करून घ्यावे. नवखा माणूस कंपनीच्या आकड्याच्या आतच राहिलेला बरा.

आणखी एक जुनी अडचण अजून भेटते. ३२ बिटांची विंडोज ४ जीबीपलीकडे बघूच शकत नाही. रॅम ८ केली तरी ती साडेतीनच्या आसपास अडकते. ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट’ पानावर ‘६४-बिट’ लिहिलेले आहे ना, हे आधी बघावे.

६. वेगाचे कवतिक किती करावे?

फार नाही. जाहिराती वेगाच्या आकड्यांभोवती फिरतात, पण लॅपटॉपमध्ये वेग निवडायला फारशी मोकळीक नसते. नियम साधा आहे: स्टिक, दुसरी स्टिक आणि प्रोसेसर या तिघांत जो सर्वांत संथ, त्याच्या वेगाने सगळे चालतात. टी४८०चा प्रोसेसर २४००पर्यंतच जातो. त्यात आधीची २४००ची स्टिक असताना शेजारी ३२००ची लावली तर दोन्ही २४००ने धावतील. बिघडत काही नाही. ३२००ची स्टिक आज सहज मिळते आणि कधी कधी २४००पेक्षा स्वस्तही पडते, तेव्हा ती खुशाल घ्यावी. ३२०० चालवणाऱ्या मशीनमध्ये २४००ची स्टिक घालणे मात्र टाळावे, कारण ती आधीच्या चांगल्या स्टिकलाही खाली ओढते.

‘सीएल’ नावाचा आकडा लोकांना अधिक घाबरवतो. डीडीआर४-२४००चा सीएल १७, ३२००चा २२ आणि डीडीआर५-४८००चा ४०. मोठा आकडा म्हणजे उशीर, मग नवी रॅम जास्त संथ? हिशेब करून पाहावा. सीएल म्हणजे घड्याळाचे ठोके. ठोक्याचा वेग बदलला की एका ठोक्याची लांबीही बदलते. १७ ठोके १२०० मेगाहर्ट्झने म्हणजे सुमारे १४.२ नॅनोसेकंद. २२ ठोके १६००ने म्हणजे १३.७५. ४० ठोके २४००ने म्हणजे सुमारे १६.७. सतराचे चाळीस झाले तरी प्रत्यक्ष वाट बघायचा काळ अडीच नॅनोसेकंदांनीच वाढला. साध्या लॅपटॉपच्या खरेदीत या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

७. एक मोठी की दोन लहान?

१६ जीबीची एक स्टिक घ्यावी की आठ-आठच्या दोन? दोन स्लॉट असतील तर दोन. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये सहसा दोन स्वतंत्र मार्ग असतात. एकच स्टिक लावली तर त्यांतला एकच वापरात येतो. रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या दोन खिडक्या असून एकच उघडी ठेवल्यासारखे ते आहे. आतला कारकून कितीही चपळ असला तरी रांग एकच. ३२००ची एक स्टिक सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते, दोन मिळून ५१.२.

चार जीबी बोर्डावर आणि आठ जीबी स्लॉटमध्ये, असे असले तरी इंटेलची मशीन हुशारीने वाटणी करतात. दोन्हीकडच्या चार-चार जीबींसाठी दोन्ही खिडक्या चालू राहतात आणि उरलेल्या चार जीबीची रांग एका खिडकीवर लागते. म्हणून ‘क्षमता सारखी नसेल तर जोडी जमत नाही’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

टायपिंग करताना हा फरक कळत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये मात्र तो चटकन कळतो, कारण तिथे चित्र रंगवणारा भागही रॅमच वापरतो. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीच्या अनेक आय५ आणि आय७ मशीनच्या खोक्यावर ‘आयरिस एक्सई’ छापलेले असते, पण आत एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएचडी ग्राफिक्स’ एवढेच नाव दिसते. आयरिस एक्सई म्हणवून घ्यायला इंटेलने दोन्ही मार्गांची अट घातलेली आहे. दुसऱ्या स्लॉटमध्ये स्टिक घातली की नाव बदलते आणि खेळांतली चित्रेही सुरळीत हलू लागतात.

जोडी एकाच कंपनीची असावी का? असली तर उत्तम, नसली तरी बहुतेक वेळा चालते. पिढी आणि व्होल्टेज जुळणे आवश्यक. वेग आणि क्षमता जुळणे चांगले. लेबलवरचे नाव शेवटी.

८. खरेदी

स्टिकवर नाव कुणाचेही असो, आतल्या चिपा बहुधा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन या तिघांपैकी कुणाच्या तरी असतात. किंग्स्टन, अडाटा, कॉर्सेअर हे त्या घेऊन स्टिक तयार करतात. त्यामुळे नामांकित ब्रँडांत उजवे-डावे करत बसण्यापेक्षा बिल आणि वॉरंटी यांकडे लक्ष द्यावे. जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल नसेल तर ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांना किंमत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या स्टिकही बाजारात येतात. रॅम फारशी झिजत नसल्याने त्या घेण्यात गैर नाही, पण तपासून परत करायची मुदत मिळाली पाहिजे.

भावाचा भरवसा नाही. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरनी रॅमची एवढी मागणी केली की किमती भराभर चढल्या, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. लॅपटॉपवाल्यांचा जुना विश्वासू पर्याय असा बाजारातून उठला. म्हणून मागच्या वर्षीचा भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नये. निघण्यापूर्वी त्याच दिवशीचे दोन-तीन ठिकाणचे दर बघावेत.

९. बसवणे आणि तपासणे

मशीन पूर्ण बंद करून चार्जर काढावा. बॅटरी आत असेल तर तिची जोडणीही तोडायला हवी. थिंकपॅडमध्ये सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये गेले की ‘पॉवर’खाली ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ हा पर्याय मिळतो. इतरांत झाकण उघडल्यावर बॅटरीची पिन बोर्डावरून अलगद ओढून काढावी. अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी आधी एखाद्या जमिनीशी टेकलेल्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा. लोकरीचा स्वेटर घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नये.

जुनी स्टिक काढायला तिच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलाव्यात. स्टिक आपोआप तिरकी उभी राहते. नवी स्टिक कडेने धरून, खाच जुळवून, तशीच तिरकी आत सारावी. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की ती नीट आत गेली. मग वरून दाबले की दोन्ही चिमट्या ‘टक्’ करून बसतात. एकच टक् ऐकू आला तर पुन्हा काढून लावावी. नवख्यांच्या हातून होणारे बहुतेक बिघाड इथलेच असतात.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा काळाच राहिला तर घाबरून बटण दाबत सुटू नये. नव्या रॅमशी जुळवून घ्यायला मशीन वेळ घेते. डीडीआर५मध्ये हे काही मिनिटेही चालू शकते. बराच वेळ वाट पाहूनही काही दिसत नसेल, दिवे लुकलुकत असतील किंवा बीप वाजत असेल तर फक्त जुनी स्टिक लावून पाहावे, मग फक्त नवी.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा बघावा. १६ जीबी घातली आणि वापरायला १५.७ किंवा १५.४ दिसते, तर उरलेला तुकडा ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो. आठच दिसत असेल तर स्टिक नीट बसलेली नाही.

शेवटी चाचणी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, पण अधिक कसून तपासायचे तर पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवावे. ते रॅमच्या प्रत्येक कप्प्यात आकडे लिहून परत वाचते. त्यात एकही चूक दिसली तर ती क्षुल्लक समजून सोडू नये. संशयित स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून चाचणी पुन्हा घ्यावी. चूक स्टिकबरोबर तिकडे गेली तर स्टिक बिलासकट दुकानात परत न्यावी. चूक जुन्याच स्लॉटपाशी राहिली तर दोष मदरबोर्डात आहे आणि नवी स्टिक घेऊन तो जाणार नाही.